ऐकणारी बाजू

१

हे काम खरं म्हणजे दोघांचं. एकाने तांब्याच्या डब्याच्या डोक्यावरची सळई केसभर आत-बाहेर करायची आणि दुसऱ्याने मीटरच्या काट्यावर डोळे लावून बसायचं. "अजून... अजून थोडी... बस." एवढंच बोलणं. महावीर आणि अन्वर यांचे कितीतरी रविवार याच तीन शब्दांत गेले होते. आता महावीर एकटा होता. सळई फिरवायची, उठून मीटरपाशी जायचं, काटा बघायचा, परत यायचं.

सोनगीरच्या मागे एक बोडकी टेकडी आहे. तिच्या माथ्यावर पाण्याची टाकी आणि टाकीला चिकटून एक दगडी खोली. पंपासाठी वर वीज आलेली, म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीकडून ती खोली मागून घेतली होती. महावीरचं धुळ्याला पाइप-पंपांचं दुकान. अन्वरचं जळगावला पंपांच्या मोटरी रिवाइंड करायचं. दोघांनाही हौशी रेडिओचं वेड, दोघांकडेही परवाना. पोलिसांच्या भंगारातले सेट लिलावात घ्यायचे, उघडायचे, जोडायचे, आणि रात्रंदिवस एकमेकांना हाका मारायच्या. पण छोट्या सेटचा आवाज डोंगर ओलांडत नाही. मग उंचावर एक यंत्र ठेवायचं ठरलं. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकणार आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलणार. रिपीटर. अडचण अशी की अँटेना एकच. बोलताना स्वतःच्या आवाजाने स्वतःचेच कान बसले तर उपयोग काय? म्हणून मधे हे सहा डबे. तीन बोलणाऱ्या बाजूचे, तीन ऐकणाऱ्या बाजूचे. याला डुप्लेक्सर म्हणतात. डबे सोनगीरच्याच वना तांबटाने ठोकून दिले होते. "हंडे नाहीत, घागरी नाहीत, आणि झाकणाला भोक! आत काय ठेवणार, शेठ?" त्याने विचारलं होतं. "काही नाही," अन्वर हसून म्हणाला होता, "रिकामेच ठेवायचेत."

संक्रांत होऊन गेली आणि त्याच आठवड्यात अन्वर वारला. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी कुणाचा तरी पंप बघायला गेला होता. येताना कच्च्या रस्त्यावर जीप नाल्यात उलटली. माणसं पोचली तेव्हा तो सीट आणि स्टिअरिंगमधे अडकलेला होता आणि जीपमधल्या सेटचा माइक त्याच्या मुठीत होता. म्हणजे त्याने हाक मारली होती. त्या दुपारी महावीर धुळ्यात आपल्या सेटपुढेच बसलेला होता. त्याला खरखरीशिवाय काहीही ऐकू आलं नव्हतं. मधे डोंगर होता. डोंगराला कोण काय बोलणार?

अन्वरचा चाळिसावा झाल्यावर महावीर पुन्हा टेकडी चढायला लागला. पावसाळ्याच्या आत रिपीटर सुरू करायचा, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. पुन्हा त्या बाजूने कुणी हाक मारली तर ती कुणाला तरी ऐकू यावी.

२

वैशाखातली दुपार. खोलीचा पत्रा तापून टकटक वाजत होता. महावीरने अँटेनाची केबल काढली आणि तिच्या जागी डमी लोड बसवला. हे एक आंधळं नळकांडं. यंत्राची सगळी ताकद त्यातच जिरते. बाहेर काही जात नाही, बाहेरचं काही आत येत नाही. डबे जुळवायचे ते असेच, जगाशी संबंध तोडून.

ऐकणाऱ्या बाजूचा तिसरा डबा त्रास देत होता. त्याने हेडफोन चढवला आणि सळई हळूहळू खाली नेली. काटा उतरत गेला. खरखर बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि काटा अगदी तळाला टेकला तेव्हा खरखरीच्या खाली कुणीतरी श्वास घेतला.

महावीरचा हात सळईवर तसाच राहिला.

श्वास जड होता. मधे थांबायचा, मग ओढल्यासारखा यायचा. मग एक माणूस बोलला. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून त्याने आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची ओळख, सांगितली आणि शेवटचं अक्षर लांबवलं. असं अक्षर लांबवायची सवय अख्ख्या खानदेशात एकाच माणसाला होती.

"कोणी ऐकतंय का?" अन्वर म्हणाला. "कोणी आहे का फ्रिक्वेन्सीवर?"

महावीरने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बाहेर टाकीवर एक होला घुमत होता. खाली आग्रा रोडवरून ट्रक चालले होते. सगळं जागच्या जागी होतं. टेबलावरच्या हेडफोनमधून किड्यासारखा बारीक आवाज येतच होता.

३

महावीर भाबडा माणूस नव्हता. एखाद्या पंपात पाणी चढत नसेल तर तो आधी फूट व्हॉल्व्ह बघायचा, नंतर गाळणी, नंतर मोटर. त्याच शिस्तीने तो आता एकेक गोष्ट तपासायला लागला.

पोलिसांचा सेट कुठूनतरी घुसत असेल. त्याने डमी लोड आवळला. आवाज होता. कुणी चेष्टा करत असेल. पण या फ्रिक्वेन्सीवर बोलणारा दुसरा सेट जिल्ह्यात नव्हता. होता तो जीपमधे चेपून गेला होता. टेपरेकॉर्डर? अन्वरचा आवाज कुणी कधी टेप केला नव्हता. त्याने डब्यांची केबल रिसीव्हरपासून सोडवली. आवाज बंद. जोडली. आवाज सुरू. सळई जराशी वर घेतली, आवाज बुडाला. परत तळाला आणली, वर आला.

म्हणजे आवाज बाहेरून येत नव्हता. डब्यातून येत होता.

त्याने पान्हा घेतला आणि तिसऱ्या डब्याचं झाकण उघडलं. आत कोरडं, लखलखीत तांबं. मधे उभी सळई. बाकी काही नाही. पण झाकण उचललं तेव्हा तोंडावर गार हवा आली. वैशाखातल्या दुपारी, त्या भट्टीसारख्या खोलीत, हिवाळ्यातल्या ओढ्याकाठी असते तशी गार हवा. तिला ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास होता.

त्याने झाकण परत बसवलं. स्क्रू एकदा हातातून पडला, तो शोधून त्याने नीट आवळला. आत कुणी हाक मारत असेल आणि आपल्याला ती ऐकू येत असेल, तर उत्तर द्यायचं की नाही? रेडिओवाल्याला हा प्रश्न पडायला नको. आलेल्या हाकेला ओ द्यायची, हे तो पहिल्या दिवशी शिकतो.

महावीरने हेडफोन चढवला आणि माइकचं बटण दाबलं.

"अन्वर. मी महावीर. ऐकतोय."

पलीकडे श्वास अडकला. मग अन्वर हसला. दुखत असताना माणूस हसतो तसा.

"यार, कुठे होतास? किती वेळ झाला ओरडतोय. जीप गेली बघ नाल्यात. कमरेखाली काही कळत नाहीये."

"हलू नकोस."

"हलतंय कोण? पाणी आहे खाली. गार आहे." त्याने ओढून एक श्वास घेतला. "पण तुझा आवाज काय मस्त येतोय रे. शेजारी बसल्यासारखा. रिपीटर चालू झाला की काय?"

"हो," महावीर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याला हनुवटीवर आल्यावर कळलं. "चालू झाला."

"वा. निघालायस ना तू?"

महावीरने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात अन्वर म्हणाला, "महावीर, तुझ्याबरोबर कोण कोण आलंय?"

"कोणी नाही. एकटाच आहे."

"नाही रे. मागे आहेत ना. बरेच जण आहेत. हळूहळू बोलतायत. तू बटण दाबलंस की ऐकू येतात."

महावीरच्या पाठीमागे खोलीतला रिकामा कोपरा होता. पायपुसणं, एक पाण्याचा माठ, भिंतीला टेकवलेली शिडी. त्याला वळून बघता आलं नाही. मानेवर, केसांच्या खाली, कुणीतरी अगदी जवळ उभं राहावं तशी ऊब जाणवली.

त्याने मेन स्विच ओढला आणि दार तसंच उघडं टाकून तो टेकडी उतरला. पायथ्याशी येईपर्यंत थांबला नाही. तिथे येऊन उभा राहिला, तेव्हा आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं. नाल्यातल्या माणसाने "निघालायस ना?" विचारलं होतं आणि आपण सेट बंद केला होता.

४

पुढच्या रविवारी तो जळगावला गेला, टेकडीवर गेला नाही. अन्वरच्या घरी त्याची बायको जरीना एकटीच होती. दुकान बंद पडलं होतं. ओसरीवर गिऱ्हाइकांनी न नेलेल्या मोटरी ओळीने पडून होत्या. तिने चहा केला आणि दाराशी बसली.

"भाईजान, तुमची तब्येत बरी नाही," ती म्हणाली.

"ऊन लागलं थोडं."

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "एक काम सांगू? तुम्हाला जमलं तर. जीपपाशी पहिल्यांदा जो माणूस गेला ना, पुना नावाचा, शेळ्या चारतो, तो मधे इथे आला होता. एवढ्या लांबून, एसटीने. त्या पायरीवर बसला. मी पाणी दिलं, प्यायला. 'भाभी' म्हणाला, आणि रडायलाच लागला. मग उठून गेला. काहीतरी सांगायला आला होता तो. माझ्याने त्याच्या गावी जाववत नाही. तो रस्ता मी नाही बघू शकत."

महावीरने कपाकडे बघितलं. टेकडीवरची गोष्ट जिभेवर आली होती. पण हिला काय सांगणार? तुझा नवरा अजून तिथेच आहे, थंडीत, आणि मी त्याच्याशी बोलता बोलता पळून आलो?

"जाऊन येतो," तो म्हणाला.

५

पुनाचं घर नाल्यापासून लांब नव्हतं. कुडाच्या भिंती, पुढे शेळ्यांचा वाडा. महावीर अंगणात उभा राहिला आणि त्याने हाक दिली, "पुनाभाऊ आहेत का?"

आत काहीतरी भांडं पडलं. थोड्या वेळाने एक काळासावळा, वाळलेला माणूस दारात आला. तो महावीरच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. आवाज कुठून आला ते शोधावं तसा तो त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"आखो बोला, परत बोला," तो म्हणाला.

"मी अन्वरचा दोस्त. धुळ्याहून आलो."

पुना उंबऱ्यावर खाली बसला. "तुमीच शेत तो मानूस," तो म्हणाला. "आवाज वळखा मी. डबामातला आवाज तुमनाच व्हता."

महावीरला बसायला बाज द्यायचं पुनाला सुचलं नाही, आणि मागायचं त्यालाही सुचलं नाही. तो तिथेच मातीत बसला.

पुनाने सांगितलं ते तुटक तुटक. नाल्यात धडाड झालं म्हणून तो शेळ्या सोडून धावला. जीपमधला माणूस हातातल्या वस्तूशी बोलत होता. पुनाला धाक वाटला, तो लांबच उभा राहिला. "पहिले डबा गप व्हता. हाऊ मानूसच बोले, बोले. मंग डबा बी बोलना. तवय हाऊ हासना. माले वाटनं, आते कोनी ई, मदत ई."

"मग?"

"मंग डबा बंद पडना." पुनाने आता पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. "भाऊ, तवय तो भलता रडना. लेकरूगत रडना. तुमले काय सांगू."

महावीरने मान खाली घातली.

"मी जवळ गऊ मंग. पानी पाजं. त्याना हात धरीसन बसनू. आनि मंग आवाज परत ऊना."

"परत आला?"

"ऊना ना. तोच आवाज. तुमना. मंग शेवटलोंग बोली राहिंता, बंद नही पडना." पुना उठला. शेळीचं एक पिल्लू त्याच्या पायात घुटमळत होतं, ते त्याने उचलून छातीशी धरलं. "त्याना जीव गया तवय मी डबाले इचारं, कोन शे? त्यानी मना नावखाल हाक मारी. माले तठे कोन वळखे, भाऊ? मी कोनले सांगेल नही. लोक हासतीन. भाभीले सांगाले गऊ, ते सांगता नही ऊनं."

"तुमच्या नावाने हाक मारली, आणि पुढे काय म्हणाला?"

पुनाने मान हलवली. "पुढलं मी नही सांगाव," तो म्हणाला. "ते तुमनं तुमी जाना."

६

दुसऱ्याच दिवशी महावीर टेकडीवर गेला. दुपारची वेळ होती. दार त्या दिवसापासून उघडंच राहिलेलं. आत वाऱ्याने धूळ भरली होती. त्याने दाराला आतून कडी घातली, मेन स्विच टाकला आणि पाठ खोलीकडे करून बसला. बसायची दुसरी तऱ्हा नव्हती. यंत्र भिंतीशी होतं. आज त्याने हेडफोन लावला नाही. कान झाकून बसायची हिंमत झाली नाही. त्याने स्पीकर जोडला.

सळई तळाला आली, तसं रडणं ऐकू आलं.

"अन्वर."

रडणं थांबलं.

"अन्वर, मी आहे. सेट बंद पडला होता. आता नाही पडणार."

"मला वाटलं गेलास."

"नाही गेलो. निघालोय. सोनगीर सोडलं."

ते खोटं होतं. महावीर रेडिओवर कधी खोटं बोलला नव्हता. पण नंतर तो बोलतच राहिला. नदीचा पूल आला, म्हणाला. शिरपूर ओलांडलं, म्हणाला. कुठे केळीच्या गाड्या आडव्या आल्या, कुठे फाटक बंद होतं, सगळा रस्ता त्याने अन्वरच्या कानात घातला. मधेमधे त्याने जुन्या गोष्टी काढल्या: त्यांचा पहिला सेट आणि त्यातून निघालेला धूर, फैजपूरच्या गिऱ्हाइकाने मजुरीऐवजी दिलेला केळीचा घड आणि तो एसटीत कंडक्टरच्या मांडीवर कसा आला ते. अन्वर हसला. मग हसणं कमी झालं, नुसता "हं, हं" करायला लागला.

"इथे एक माणूस आलाय," तो एकदा म्हणाला. "हात धरून बसलाय माझा. चांगला आहे."

"चांगलाच आहे तो."

"जरीनाला सांग, थंडी वाजत नव्हती म्हणून."

"सांगतो."

"ते लोक आहेत का अजून, तुझ्या मागे?"

महावीरच्या मागे पत्रा वाजत नव्हता. होला घुमत नव्हता. खोली भरलेली होती. भरलेल्या खोलीची शांतता वेगळी असते. कुणी खाकरत नाही, कुणी लुगड्याचा पदर सावरतं, कुणी मांडी बदलतं, आणि तेवढ्यानेच कळतं की माणसं आहेत. जमिनीवरून गारवा येत होता आणि मानेवर ऊब.

"आहेत," महावीर म्हणाला. त्याने वळून बघितलं नाही. "बसलेत सगळे."

"मग ठीक आहे," अन्वर म्हणाला. "तू बोल."

तो बोलला. काय बोलला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. स्पीकरमधे आधी श्वास होता, मग दोन श्वासांमधली वाट बघणं होतं, आणि मग नुसती वाट बघणं उरलं. तरी तो बोलत राहिला, कारण बंद पडायचं नाही असं त्याने सांगितलं होतं.

बऱ्याच वेळाने माइकवर कुणाचा तरी खरबरीत हात घासला. घाबरलेला आवाज आला.

"कोन शे?"

महावीरने बटण दाबलं. त्याला आदल्या दिवशी उंबऱ्यापाशी पिल्लू छातीशी धरून उभा असलेला माणूस दिसला, आणि त्याला अजून न भेटलेला, नाल्यात उभा असलेला तोच माणूसही.

"पुनाभाऊ," तो म्हणाला, "मी त्याचा दोस्त. मला यायला नाही जमलं. एवढं करा, त्याचे डोळे मिटा. आणि पापण्यांवर थोडा वेळ हात धरून ठेवा."

खूप वेळ पलीकडून काही आलं नाही. मग पुना म्हणाला, "मिटी दिधात, भाऊ."

आणि खरखर सुरू झाली, साधी, रोजची.

तेव्हा त्याच्या मागे आवाज झाला. महावीरने तो लहानपणापासून ऐकलेला होता. कुणी गेल्यानंतरच्या उठावण्याच्या दिवशी सतरंजीवर बसलेली सगळी माणसं एकदम उठतात, कुणाचे गुडघे कडकडतात, बांगड्या वाजतात, आणि कुणीही कुणाशी न बोलता दाराकडे निघतं, तसाच तो होता. महावीरही उठला. भिंतीकडे तोंड करून, हात जोडून उभा राहिला. अन्वर जाईपर्यंत सोबतीला बसलेले ते सगळे महावीरच्या खांद्याला घासत एकेक करून गेले. दाराची कडी आतून निघाली, आणि वैशाखाचं ऊन त्याच्या पाठीवर पडलं.